नगरपरिषदेची शाळा कशी चालते: नव्या पालकांसाठी आणि शाळा समितीच्या नव्या सदस्यांसाठी

बदली होऊन तालुक्याच्या गावी आलेले कुटुंब, शाळा व्यवस्थापन समितीवर पहिल्यांदाच निवडून आलेली आई आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर शिक्षण समितीत बसलेला नगरसेवक या तिघांची अडचण एकच असते. वर्गात शिक्षक कमी आहेत, छत गळते, तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, हे दिसते. पण कोणत्या टेबलापाशी जाऊन काय मागायचे ते कळत नाही. मुख्याध्यापक नगरपरिषदेकडे बोट दाखवतात, नगरपरिषद जिल्हा परिषदेकडे, आणि जिल्हा परिषद म्हणते की शाळा आमची नाही. तिघेही बहुतेक वेळा खरेच सांगत असतात. ही शाळा एका कार्यालयातून चालतच नाही. इमारत एकाची, शिक्षकाचे पद दुसऱ्याच्या हिशेबाने, अनुदान तिसऱ्याकडून. ही वाटणी समजली की पुढची कामे सोपी होतात.

आधी शाळा कोणाची ते पाहा

शहराच्या हद्दीतली प्रत्येक सरकारी शाळा नगरपरिषदेची असेलच असे नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तरी तिथल्या शाळा बहुधा जिल्हा परिषदेकडेच राहतात. हद्दवाढीत शहरात आलेल्या वाड्यावस्त्यांवरही ‘जि. प. प्राथमिक शाळा’ अशीच पाटी दिसते. नगरपरिषदेच्या शाळेवर सहसा ‘न. प. शाळा क्र. ४’ असा क्रमांक असतो. खाजगी अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते, पण कारभार संस्थेचा असतो. तिथे या लेखातल्या सगळ्याच गोष्टी लागू होणार नाहीत.

पाटीवर विसंबू नका. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला तिचा क्रमांक, मागून घ्या. तो ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे किंवा शहर गटाचे, मग तीन गाव अथवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की शाळेचे व्यवस्थापन, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, शिक्षकसंख्या आणि पटसंख्या दिसते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते. तेव्हा ती छापून घ्या आणि कागद हातात धरून शाळेत एक फेरी मारा. कागदावर मुलींची तीन स्वच्छतागृहे चालू असतील आणि प्रत्यक्षात दोनांना कुलूप असेल, तर पहिल्या बैठकीचा विषय तुम्हाला तिथेच मिळाला.

कोणते काम कोणाकडे

नगरपरिषदा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, ४० हजार ते एक लाख ‘ब’ आणि २५ ते ४० हजार ‘क’. हा सगळा संसार नगरविकास विभागाचा. अभ्यासक्रम, शिक्षकपदे, मूल्यमापन आणि प्रशिक्षण मात्र शालेय शिक्षण विभागाचे. शाळा या दोन विभागांच्या मधोमध उभी आहे.

इमारत, कुंपण, पाणी, वीजजोडणी, शौचालयांची सफाई, शिपाई या गोष्टींसाठी मुख्याधिकारी. शिक्षकांच्या नेमणुका, रजा, शाळा तपासणी, अहवाल यांसाठी प्रशासन अधिकारी. हे शिक्षण खात्याचे अधिकारी असतात, पण बसतात नगरपरिषदेत. दोन विभागांमधला दुवा तेच. लहान शहरांत हे पद रिकामे राहून त्याचा पदभार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असण्याची वेळ वारंवार येते. म्हणून पहिल्याच भेटीत ‘पूर्णवेळ की प्रभारी’ हे विचारून घ्या. प्रभारी असतील तर ते शहरात कोणत्या वारी येतात तेही विचारा, म्हणजे दहा चकरा वाचतील. त्यांच्यावर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक), विभागात शिक्षण उपसंचालक आणि पुण्यात शिक्षण आयुक्तालय. शिकवण्याच्या बाजूने मदत करायला केंद्रप्रमुख आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट.

जुनी माणसे अजून ‘शिक्षण मंडळात जा’ म्हणतात. ही मंडळे १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखालची. २०१३ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली आणि त्यांचे अधिकार नगरपरिषदेकडे आले. आता निवडून आलेल्यांची शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती असते आणि तिला सभापती असतो. कित्येक शहरांत काही वर्षे प्रशासक होते, त्यामुळे ही समिती बसलीच नव्हती. नव्या सभापतींनी पहिल्या महिन्यात प्रत्येक शाळेचा पट, मंजूर पदे, भरलेली पदे आणि वापरात असलेल्या खोल्या असा एका पानाचा तक्ता मागवावा. तो मिळेपर्यंत कोणत्याही उद्घाटनाची तारीख देऊ नये, असे आमचे मत आहे.

प्रवेश घेताना

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाचे वय सहा वर्षे पूर्ण हवे. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचे प्रतिज्ञापत्र. वयाचा पुरावा नाही, आधार नाही, जुन्या शाळेचा दाखला अजून आला नाही, यांपैकी कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा आणि दाखला यांबद्दल शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये हे स्पष्ट आहे. मुलाखत नाही, देणगी नाही. वर्षाच्या मधेही प्रवेश मिळतो. शाळेत कधीच न गेलेले दहा वर्षांचे मूल पहिलीत बसवायचे नसते. वयाला साजेशा वर्गात घेऊन त्याला तीन महिने ते दोन वर्षे विशेष प्रशिक्षण देणे शाळेचे काम आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून न्यावे, म्हणजे दुसऱ्या गावात वर्ग बुडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीतली, आपल्या मुलाची ओळ स्वतः वाचा. आडनाव, मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मठिकाण, जात. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला याच ओळीवरून निघतो. ‘वैष्णवी’च्या जागी ‘वैश्नवी’ झाले तर मूल शाळेत असेपर्यंत पुरावे देऊन दुरुस्तीचा मार्ग आहे. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. रजिस्टर वाचू द्यायला मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. कोणी मागत नाही, एवढेच.

३० सप्टेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा

शाळेत किती शिक्षक असतील, हे संचमान्यतेत ठरते. संचमान्यता म्हणजे पटावरून पदे मंजूर करण्याची वार्षिक प्रक्रिया. तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. ऑक्टोबरात आलेली मुले शिकतील, जेवतील, पण त्या वर्षीच्या पदांच्या हिशेबात येणार नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातले प्रमाण असे: पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. १५० च्या वर पट गेला की मुख्याध्यापकाचे वेगळे पद. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे या तीन गटांना किमान एकेक. तिथे पट १०० च्या वर गेल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, क्रीडा, कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक.

एक शाळा घेऊ. पहिली ते पाचवीचे वर्ग अनुक्रमे २३, २५, २७, २४, २५. एकूण १२४. पाच वर्ग, पाच शिक्षक, हिशेब जुळला. पण संचमान्यतेत आधारशी जुळलेलीच मुले धरली गेली, आणि पाच मुलांचे आधार ‘अवैध’ निघाले. राहिली ११९, म्हणजे चार पदे. एक शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो आणि तिसरी-चौथी एका खोलीत एका बाईंसमोर बसतात. पाच नावांच्या स्पेलिंगने एकावन्न मुलांचे वर्ष बदलले.

म्हणून जुलै-ऑगस्टचे काम ठरलेले. आधार न जुळलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या. कारणे साधारण तीनच निघतात: नाव किंवा आडनाव रजिस्टरपेक्षा वेगळे, जन्मतारखेत फरक, किंवा बाल आधार असून पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे दिलेले नाहीत. हे ठसे पाच ते सात वर्षांच्या वयात मोफत घेतले जातात. यादीतल्या घरी समितीच्या दोन सदस्यांनी जावे आणि आधार केंद्राची एक तारीख ठरवून सगळ्यांना एकदम न्यावे. रोजावर जाणाऱ्या आईला मजुरी बुडवून तीनदा केंद्रावर जाणे परवडत नाही. यादी रेंगाळते ती याच कारणाने, पालकांच्या बेफिकिरीने नव्हे.

वरचे आकडे केंद्रीय कायद्याचे आहेत. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि त्यावर शिक्षक संघटनांनी मोठा आक्षेप घेतला. म्हणून पद कमी झाल्याचे कळताच ‘यंदाचा संचमान्यता तक्ता’ मागून घ्या. मंजूर, कार्यरत, रिक्त, अतिरिक्त असे रकाने त्यात असतात. तोंडी आकड्यावर भांडू नका.

शिक्षक पटावर असूनही वर्गात नसतात, ही तक्रार वेगळी. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडचे अशैक्षणिक काम देता येत नाही, असे कायद्याचे कलम २७ सांगते. निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्यांचे काम मात्र वर्षभर पुरते. समितीने दर महिन्याला एवढेच विचारावे: प्रत्येक वर्गाचे किती तास झाले? पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, पुढे आठवीपर्यंत २२० दिवस आणि १००० तास हा कायद्याचा किमान हिशेब आहे. डिसेंबरात निम्मे तास भरलेले नसतील तर ते लेखी कळवता येते.

पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

घरपट्टीच्या बिलात ‘शिक्षण कर’ पाहून पालक म्हणतात, एवढा कर घेता, मग शाळेला रंग का नाही? हा कर १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखालचा, राज्याचा. नगरपरिषद तो फक्त गोळा करून शासनाकडे भरते. बिलातल्या आकड्याचा आणि तुमच्या शाळेच्या दुरुस्तीचा थेट संबंध नाही.

शाळेच्या हातात येणारा पैसा म्हणजे समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान. पटाप्रमाणे: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख रुपये. निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आपल्या १२४ मुलांच्या शाळेला ५० हजार मंजूर, त्यातले पाच हजार स्वच्छतेचे. उरलेल्या ४५ हजारांत वर्षाचे वीजबिल, खडू, कागद, नळाची दुरुस्ती, विज्ञानाचे साहित्य. वीजबिल नगरपरिषद भरते की शाळेने भरायचे, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून घ्या. दोघेही दुसऱ्यावर सोडतात आणि डिजिटल वर्गाचा पडदा जोडणी तुटल्यामुळे काळा राहतो.

अनुदान हप्त्याने येते, कधी वर्ष संपत आल्यावर. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा परत जातो. मग शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते घेतले जाते आणि गरज नसलेली कपाटे येतात. यावर उपाय डिसेंबरात. खरेदीची प्राधान्ययादी समितीत मंजूर करा, दरपत्रके घेऊन ठेवा, दुकानदाराचे बँक तपशील शासनाच्या ऑनलाइन देयक प्रणालीत आधीच नोंदवून घ्या. हप्ता जमा झाला की दोन दिवसांत काम होते.

गणवेशाला दोन जोडांचे प्रत्येकी ३०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून मध्यवर्ती पुरवठा झाला, तेव्हा अर्धे वर्ष सरूनही पुष्कळ मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता. मापेही चुकली. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे आले. ३०० रुपयांत चांगले कापड आणि शिलाई बसवायची तर दोन-तीन शाळांनी मिळून कापडाचे गठ्ठे घ्यावेत आणि शिवणकाम गावातल्या बचत गटाला द्यावे.

छत, संरक्षक भिंत, नवी खोली ही कामे शाळेच्या अनुदानात बसत नाहीत. ती नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार निधीतून होतात. क्रम ठरलेला आहे: समितीचा ठराव, नगरपरिषदेच्या अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. एप्रिलमध्ये मागितलेले पत्रे जूनच्या पावसाआधी बसत नाहीत, ते यामुळे. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतो. ठराव आणि फोटो नोव्हेंबरात द्या. फोटो पावसाळ्यातच काढून ठेवा, गळणाऱ्या जागेखाली बादली ठेवलेली असतानाच.

समिती कागदावर आणि समिती खरी

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा. उरलेल्यांत नगरपरिषदेचा प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक शिक्षणाची जाण असलेली व्यक्ती. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक सदस्य-सचिव. बैठक दर महिन्याला.

बिघडते ते बहुधा इतिवृत्तात. बैठक न होताच वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. नव्या सदस्याने पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळावे: इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही, आणि शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा असेल तर तिथे रेघ मारूनच सही. बैठकीची वेळ सकाळी अकराची ठेवली की कामावर जाणाऱ्या आया येऊ शकत नाहीत. शनिवारी शाळा सुटताना किंवा संध्याकाळी ठेवा.

शाळा विकास आराखडा ही समितीची कायदेशीर जबाबदारी आहे. जाडजूड फाइल नको. पुढच्या वर्षीचा अंदाजे पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या आणि खर्च, एवढे दोन पानांत बसते.

जेवणाची वेळ

पोषण आहाराची तपासणी कोणताही पालक करू शकतो, आणि तिच्यातून शाळेच्या कारभाराचा पुष्कळ अंदाज येतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम.

समजा आज पाचवीपर्यंतची ११० मुले हजर आहेत. शाळेतच शिजत असेल तर तांदूळ ११ किलो, डाळ २ किलो २०० ग्रॅम, भाजी साडेपाच किलो, तेल ५५० ग्रॅम. काटा स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या शेगडीजवळ असतो का, की माप डब्याने घेतले जाते, ते पाहा. डब्याने घेत असतील तर त्या डब्यात किती ग्रॅम मावते ते एकदा काट्यावर तपासून डब्यावर रंगाने लिहून टाका. पातळ आमटीचे कारण पुष्कळदा चोरी नसते. डब्याचे माप कोणी मोजलेलेच नसते.

शहरांत जेवण बऱ्याचदा मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून येते. तिथे तीन गोष्टी पाहा. डबे किती वाजता आले, उघडताना वाफ होती का, आणि त्या दिवशीचे हजेरीपटावरचे, आहार नोंदवहीतले आणि पंगतीत बसलेले असे तीन आकडे जुळतात का. वाढण्याआधी एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेऊन चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. महिनाभर एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात ‘चांगली’ असे शेरे दिसले, तर वही एका बैठकीत भरली आहे असे समजा.

शाळा शिकवते का, हे कसे ओळखायचे

वर्तमानपत्रात दरवर्षी ‘पाचवीतल्या इतक्या टक्के मुलांना दुसरीचे वाचता येत नाही’ अशी बातमी येते. ती बहुधा ‘असर’ पाहणीची असते आणि ती पाहणी ग्रामीण भागाची आहे. नगरपरिषदेच्या शाळेतली मुले तिच्यात नसतात. केंद्राची २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक पाहणी आणि डिसेंबर २०२४ ची परख पाहणी शहरातही झाली, पण ती निवडक शाळांत होते आणि निकाल जिल्ह्याचा लागतो. शाळा क्र. ४ कशी आहे, हे तिच्यातून कळत नाही.

प्रगतिपुस्तकावरची श्रेणीही जपून वाचा. अ-१ म्हणजे ९१ किंवा त्यावर, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, असे ते खाली उतरते. पहिली-दुसरीत त्यातले ७० टक्के गुण आकारिक, म्हणजे वर्षभरातल्या तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे. तिसरी-चौथीत ६० टक्के, पाचवी-सहावीत निम्मे, सातवी-आठवीत ४० टक्के. हे गुण वर्गशिक्षक देतात. पद्धत चांगली आहे, पण एका शाळेच्या अ-१ ची दुसऱ्या शाळेशी तुलना तिच्यातून होत नाही. राज्यातर्फे होणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण त्या कामाला जास्त उपयोगी. वर्गाची सरासरी विचारू नका. पायाभूत चाचणीत मागे असलेली मुले किती होती आणि वर्षअखेरीस त्यांतली किती उरली, ते विचारा. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न जमल्यास त्याच वर्गात. त्यामुळे चौथीत मागे पडलेल्या मुलाकडे वेळीच पाहणे पूर्वीपेक्षा गरजेचे झाले आहे.

सगळ्यात भरवशाची तपासणी मुलाशेजारी बसून होते. केंद्राच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे तिसरीअखेर मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीअखेर ९९९ पर्यंत, पहिलीअखेर ९९ पर्यंत. बालभारतीचा धडा देऊ नका, तो पाठ असतो. गोष्टीच्या नव्या पुस्तकातला किंवा मुलांच्या पुरवणीतला साधा उतारा घ्या, मिनिट लावा, मग दोन प्रश्न विचारा. मूल ‘घ’ला ‘ध’ म्हणते का, जोडाक्षरापाशी थांबते का, ओळीवर बोट ठेवूनही शब्द गाळते का, हे टिपा. मूल भरभर वाचते पण गोष्टीत काय झाले ते सांगू शकत नाही, अशी वेळ फार येते. घरी पावरी, गोरमाटी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे हमखास घडते आणि त्याचा मुलाच्या बुद्धीशी काही संबंध नसतो. त्याला अक्षरांच्या सरावापेक्षा मराठी बोलण्याचे तास हवे असतात. वर्गशिक्षकांसमोर हे बोलताना ‘अमुक मुलाला येत नाही’ असे न म्हणता ‘जोडाक्षराला सात मुले अडतात’ असे सांगा. शिक्षक लगेच कामाला लागतात.

शिवाय दोन आकडे मागा. पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले शेवटच्या वर्गापर्यंत टिकली, आणि आठवीच्या वर्गातून किती मुले एनएमएमएस परीक्षेला बसली. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांसाठी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आठवडे जातात, म्हणून दाखल्याचे काम जूनमध्येच सुरू करा. पात्र मुलगी दाखल्याअभावी मागे राहिली, तर ती चूक मोठ्या माणसांची आहे.

सुरक्षितता

तक्रारपेटी आहे का, तिची चावी कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे विचारा. ऑगस्ट २०२४ नंतर शाळांत सीसीटीव्हीचे आदेश निघाले. कॅमेरा दिसतो, पण रेकॉर्डिंग होते का ते पडद्यावर पाहूनच मान्य करा. मुलांना १०९८ हा क्रमांक पाठ हवा.

मागणी कशी लिहायची

आधी मुख्याध्यापक, मग समितीचा ठराव, मग प्रशासन अधिकारी आणि मुख्याधिकारी यांना एकच अर्ज दोन प्रतींत. एका अर्जात एकच विषय. असा:

‘प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय: शाळा क्र. ४ मधील मुलींच्या दोन बंद स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीबाबत. महोदय, यूडायस नोंदीनुसार शाळेत तीन स्वच्छतागृहे चालू आहेत. प्रत्यक्षात दोन बंद असून ६१ मुली एकाच स्वच्छतागृहाचा वापर करतात. समितीने ठराव क्र. ३ द्वारे दुरुस्तीची मागणी केली आहे. कृपया अंदाजपत्रक तयार करण्याचे आदेश द्यावेत आणि केलेली कार्यवाही १५ दिवसांत कळवावी. सोबत: ठरावाची प्रत, यूडायस अहवाल, चार छायाचित्रे.’

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उत्तर आले नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली नगरपरिषदेकडेच लेखी गाऱ्हाणे दाखल करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. नुसती कागदपत्रे हवी असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘शाळेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिलेला अर्ज इथेच अडकतो. ‘सन २०२४-२५ च्या संयुक्त शाळा अनुदानाच्या खर्चाच्या पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या प्रती’ असे लिहा. आवक शिक्क्याची प्रत समितीच्या फायलीत लावा, कारण तुमची मुदत संपल्यावर येणाऱ्या सदस्यांना पुढचा पाठपुरावा तिथूनच करायचा आहे.